डॉक्टरांच्या मागे मागे : घोडा सांभाळायला शिकताना

१. शिकायचं कुठे?

"मला घोड्याचा डॉक्टर व्हायचं नाही, पण घोडा नीट सांभाळायचा आहे. ते शिकवतं कोण?" नव्यानं घोडा घेतलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. घोडेस्वारीच्या वर्गात बसायचं कसं, लगाम धरायचा कसा हे शिकवतात. पुस्तकांत रोगांची नावं रग्गड असतात. पण आपला घोडा आज सकाळपासून जरा वेगळा उभा आहे, ही साधी गोष्ट कोणत्या वर्गात शिकवत नाहीत आणि पुस्तकाच्या पानावर ती दिसतही नाही.

पूर्वी हे ज्ञान पागेत मिळायचं. मोतद्दाराचा मुलगा बापाच्या मागे फिरून मोतद्दार व्हायचा. आज बहुतेकांना तशी पागा नाही, म्हणून घोड्यांवर उपचार करणाऱ्या एखाद्या पशुवैद्यकाच्या मागे काही दिवस फिरायचं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. डॉक्टर एका सकाळी जितके घोडे तपासतात, तितके आपल्याला एरवी वर्षभरात जवळून पाहायला मिळत नाहीत. त्यातले निम्मेअधिक धडधाकट असतात, हा तर मोठाच फायदा. धडधाकट घोडा कसा दिसतो हे डोळ्यांत बसल्याशिवाय आजारी घोडा ओळखू येत नाही.

या प्रकरणापुरती आपली शाळा माथेरान. तिथे मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे जांभ्याच्या लाल वाटांवरून माणसं आणि सामान वाहायला चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आहेत. इतके कामकरी घोडे इतक्या छोट्या जागेत महाराष्ट्रात क्वचितच सापडतील. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई अशा घोड्यांवर उपचार करतात. पुढे जे सांगणार आहे त्यातला बराचसा भाग त्यांच्या मागे उभं राहून पाहिलेला आहे.

२. आधी हात मागे

त्यांचा नियम सरळ आहे. नव्या शिकाऊ माणसानं पहिल्या सकाळी घोड्याला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून लांबून बघायचं आणि जे दिसेल ते बोलायचं.

बघायचं काय? घोडा चारही पायांवर सारखा भार टाकून उभा आहे का. मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून तो उभा असेल तर काळजी नको, घोडे असेच विसावतात. पण पुढचा पाय पुढे काढून टेकवला असेल तर त्या पायात काहीतरी दुखतं आहे. कान हलतात का. नाकपुड्या फुगतात का. कुशी भात्यासारखी वरखाली होते का. गव्हाणीत चंदी उरली आहे का, आणि खाली लीद किती पडली आहे. चांगली लीद गोळ्या-गोळ्यांची, ओलसर, जमिनीवर पडताच फुटणारी असते. बारीक, कडक, वर चिकट पापुद्रा आलेल्या गोळ्या म्हणजे पोटात पाणी कमी पडतंय.

दुसरं काम ऐकायचं. घोडेवाला सांगतो, "थोडा सुस्त आहे, मॅडम." सुस्त या शब्दावर उपचार करता येत नाहीत, म्हणून डॉक्टरबाई त्याचे तुकडे करतात. "पाण्याला स्वतः गेला का, न्यावं लागलं?" "काल किती फेऱ्या झाल्या?" "रात्रीची लीद होती का सकाळी?" "चंदी बदलली काय रे?" चौथ्या प्रश्नावर घोडेवाला जरा घुटमळतो आणि मग कळतं, की परवापासून हरभरा नव्या पोत्यातला आहे. निम्मं निदान घोड्याला हात लावण्याआधीच झालेलं असतं. शिकाऊ माणसानं वहीत लिहून घ्यावेत ते हे प्रश्न. औषधांची नावं लिहून घेण्याची घाई सगळ्यांना असते, तिचा उपयोग सगळ्यात कमी.

३. जवळ कुठून जायचं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं, सुमारे साडेतीनशे अंशांतलं, दिसतं. दिसत नाही ते दोन ठिकाणचं : शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं. नवखा माणूस नेमका या दोन जागांवरून जातो. मागून पुठ्ठ्यावर थाप मारतो किंवा समोरून एकदम कपाळाला हात लावायला धावतो. घोड्याच्या दृष्टीनं तो हात हवेतून उगवलेला असतो.

म्हणून डाव्या खांद्याच्या रोखानं, तिरकं, काहीतरी बोलत जायचं. पहिला स्पर्श खांद्याला किंवा मानेला करायचा. मोरकीची दोरी हाताला गुंडाळायची नाही, घडी करून मुठीत धरायची. घोडा उधळला तर गुंडाळलेली दोरी बोटं घेऊन जाते. मागून जायची वेळ आलीच तर एकतर चांगलं लांबून जावं, नाहीतर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी अंगाला घासून जावं. लाथेचा जोर मधल्या अंतरावर सर्वांत जास्त बसतो. आणि घोडा धरायचं काम ज्याच्याकडे आहे त्यानं डॉक्टर ज्या बाजूला असतील त्याच बाजूला उभं राहायचं. घोडा बिथरला तर धरणारा त्याचं डोकं आपल्याकडे ओढतो आणि मागचा भाग पलीकडे जातो. डॉक्टर सुरक्षित राहतात.

अवघड घोड्याला आवरण्यासाठी वरच्या ओठाला दोरीचा फास घालून लाकडी दांड्यानं पिळण्याची जुनी युक्ती तुम्हाला दिसेल. ती नुसती वेदना देऊन काम करते असाच समज होता. 1984 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की त्या पिळानं घोड्याच्या शरीरात वेदना कमी करणारी द्रव्यं वाढतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. तरी तो फास थोडाच वेळ आणि जाणत्या हातानंच लावायचा असतो. कानाला असा पीळ घालणारेही भेटतात. त्यांच्याकडून काहीही शिकू नये.

४. तीन आकडे

आता हात लावायची परवानगी मिळाली. पहिली विद्या तीन आकड्यांची : ताप, नाडी, श्वास. विश्रांती घेतलेल्या मोठ्या घोड्याचे हे आकडे साधारण असे असतात. ताप 99 ते 101.5 अंश फॅरनहाइट, नाडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44, श्वास मिनिटाला 8 ते 16.

श्वास आधी मोजा, कारण हात लावला की तो बदलतो. दोन पावलं लांब उभं राहून कुशीकडे बघायचं. वर आणि खाली मिळून एक.

नाडी जबड्याच्या खालच्या कडेला सापडते. गालाच्या हाडाचा खालचा काठ बोटांनी चाचपत पुढे यायचं, पेन्सिलीच्या जाडीची एक दोरी बोटांखाली सरकते. ती हाडावर हलकेच दाबून धरायची. सुरुवातीला ती सारखी निसटते, मग एके दिवशी सापडते आणि पुन्हा हरवत नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. दहा ठोके आले तर चाळीस, ठीक आहे. पंधरा आले तर साठ. आणि घोडा नुसता उभा असताना साठ म्हणजे डॉक्टरांना फोन करायची वेळ आली. नाडी मिळालीच नाही तर डाव्या कोपराच्या मागे, पट्टा येतो तिथे, स्टेथोस्कोप लावून हृदय ऐकता येतं. घोड्याच्या एका ठोक्यात दोन आवाज येतात, लब् आणि डब्. दोन्ही मिळून एक धरायचा. नवशिके दोन मोजतात, आकडा दुप्पट येतो आणि निष्कारण पळापळ होते.

ताप गुदद्वारातून मोजतात. थर्मामीटरच्या टोकाला दोरी आणि दोरीला कपड्याचा चिमटा लावून तो शेपटीच्या केसांना अडकवतात, नाहीतर थर्मामीटर आत ओढला जाऊ शकतो. उभं राहायचं ते डाव्या पुठ्ठ्याला खेटून बाजूला. मागे कधीच नाही.

याच जोडीला हिरडी बघायची. वरचा ओठ उचलला की ती गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. वेळ जास्त लागला तर रक्त नीट फिरत नाही किंवा अंगातलं पाणी कमी झालं आहे. हिरड्या विटकरी किंवा जांभळट दिसल्या तर बाकीचं मोजमाप नंतर, आधी फोन.

हे आकडे मोजायचे ते घोडा चांगला असताना. कोणाचा घोडा 30 ठोक्यांवर असतो, कोणाचा 42 वर. तिसाच्या घोड्याची नाडी 44 झाली तर पुस्तकाच्या हिशेबानं तो अजून ठीकच असतो, आणि तरीही त्याला काहीतरी झालेलं असतं. हे फक्त त्याच्या मालकालाच कळू शकतं. डॉक्टरबाई प्रत्येक घोडेवाल्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सांगतात. लिहितात थोडेच. जे लिहितात त्यांच्या फोनला त्या वेगळ्या आवाजात उत्तर देतात.

५. पोट : इथेच घोडा मरतो

घोड्याच्या सगळ्या दुखण्यांत मालकाला सर्वांत जास्त घाबरवणारं दुखणं पोटाचं. त्याचं कारण त्या पोटाच्या बांधणीत आहे, म्हणून आधी बांधणी.

गाईला चार कप्प्यांचं पोट असतं आणि ती रवंथ करते. घोड्याचं जठर एकच आणि शरीराच्या मानानं लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं. म्हणजे निसर्गानं त्याला थोडं थोडं आणि सतत खाण्यासाठी बनवलं आहे. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरत असतो. खरं काम पुढे, मोठ्या आतड्यात होतं. तिथे गवताचा चोथा अब्जावधी जिवाणू आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. गोबरगॅसची टाकी असते ना, तसंच हे आहे : रोज ठरावीक शेण-पाणी मिळालं की शांतपणे चालते, एकदम भलतंच काही ओतलं की बिघडते आणि गॅस कोंडतो. ही टाकी पोटात सरळ मावत नाही म्हणून दुमडून ठेवलेली आहे, आणि एका वळणाशी नळी एकदम अरुंद होते. पाणी कमी, चारा कोरडा, की बोळा तिथेच अडकतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं परत येत नाही. जठर फुगत गेलं तर फुटूही शकतं. म्हणून डॉक्टर नाकपुडीतून लांब नळी जठरापर्यंत घालतात आणि साठलेलं बाहेर काढतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भयंकर वाटतं. घोड्याच्या दृष्टीनं ती सुटका असते.

चिन्हं कोणती? पुढच्या पायानं जमीन खरवडणं, वळून वळून कुशीकडे बघणं, पोटावर लाथ मारणं, वरचा ओठ मुडपणं, बसणं-उठणं, लोळणं, थंडीतही घाम फुटणं. पण सुरुवात बऱ्याचदा इतकीच असते, की चंदी पुढे आली आणि घोड्यानं तोंड फिरवलं.

इथे डॉक्टरबाई स्टेथोस्कोप शिकाऊ माणसाच्या कानाला लावतात. कुशीच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, अशा चार जागा ऐकायच्या. निरोगी पोट सतत गुरगुरत असतं. उजव्या कुशीच्या वरच्या बाजूला धीर धरून थांबलं, तर मिनिट-दोन मिनिटांत संडासच्या टाकीचं पाणी सोडल्यासारखा एक लांब आवाज येतो. लहान आतड्यातला ऐवज पुढच्या पिशवीत पडल्याचा तो आवाज. चारही जागा गप्प असतील तर ती शांतता वाईट.

मग डॉक्टर येईपर्यंत करायचं काय? चारा आणि चंदी पुढून काढून घ्यायची. नाडी मोजून लिहायची. शेवटची लीद केव्हा पडली ते आठवायचं. लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर सावकाश चालवायचं, शांत उभा असेल तर उभा राहू द्यायचं. दामटून पळवलं की पोट सुटतं, असं अजून मानणारे आहेत. त्यानं घोडा थकतो, पोट जिथल्या तिथे राहतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये, आणि तीच सर्रास होते. डोकं वर बांधून बाटलीनं तेल पाजणं. जबरदस्तीनं ओतलेलं तेल श्वासनलिकेत जातं, फुप्फुसात उतरतं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा न्यूमोनियानं जातो. डॉक्टरही कधी कधी द्रव पॅराफिन देतात, पण ते नळीनं, नळी जठरातच आहे याची खात्री करून. घरात उरलेलं वेदनाशामक इंजेक्शन टोचून टाकणं ही दुसरी घोडचूक. दुखणं झाकलं जातं, घोडा खायला लागतो, सगळे निश्चिंत होतात आणि आत पीळ पडलेलं आतडं काळं पडत जातं. डॉक्टर येतात तेव्हा त्यांना वाचायला चिन्हंच उरलेली नसतात.

६. खूर

घोडा प्रत्येक पायावर एकाच बोटावर, आपल्या मधल्या बोटाशी नातं सांगणाऱ्या बोटावर, उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. हे एकदा लक्षात आलं की खुराची काळजी आपोआप कळते. नख वाढतं तसा खूर वाढतो, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. वरच्या केसांच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत पोचायला त्याला जवळपास वर्ष लागतं. म्हणून वर पडलेली चीर पूर्ण निघून जायलाही वर्षच लागतं. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं ते याच वाढीमुळे.

खूर उचलायचा तर घोड्याच्या शेजारी शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, घोट्यामागे हलकं दाबायचं. घोडा पाय देतो. मग खुरपणीनं टाचेकडून टोकाकडे माती आणि खडे काढायचे. तळाशी मधोमध त्रिकोणी, मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट साफ करायच्या. पावसाळ्यात माथेरानची वाट म्हणजे लाल चिखल, आणि ओल्या लिदीत उभ्या घोड्याच्या या खाचा काळ्या, बुळबुळीत होतात. वास इतका घाण असतो, की निदान नाकच करतं. औषधाआधी उपाय एकच, कोरडी जागा.

घोडा लंगडतो आहे हे कळतं, पण कोणत्या पायानं? त्याला सरळ, कडक जमिनीवर दुडक्या चालीनं आणायला सांगायचं आणि डोकं बघायचं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली सोडतो. ज्या पायावर डोकं खाली येतं तो पाय चांगला. नवशिके उलट सांगतात, कारण डोकं खाली गेलं तोच पाय आजारी असं मनाला वाटतं. लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच सापडतं, खांद्यापर्यंत चोळत बसण्याची गरज नसते.

घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर खुराकडे जाणारी नाडी लागते. एरवी ती सापडता सापडत नाही. ती ठणठण उडत असेल, खूर गरम असेल आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा असेल, तर खुराच्या आत सूज आली आहे. ही सूज बऱ्याचदा पोटातून येते. रात्री दोर सुटून घोड्यानं धान्याचं पोतं फस्त केलं, की एक-दोन दिवसांनी पाय धरतात. मालकाला पोत्याचा आणि पायाचा संबंध लागत नाही. डॉक्टर मात्र पाय धरलेला पाहून आधी पोत्याबद्दलच विचारतात.

७. टेप आणि गुणाकार

औषध किलोवर मोजून द्यायचं असतं आणि घोड्याला वजनकाट्यावर कोण चढवणार? शिंप्याची टेप घ्यायची. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत.

समजा घेर 160, लांबी 145. 160 गुणिले 160 म्हणजे 25,600. त्याला 145 नं गुणलं की 37,12,000. भागिले 11,880 म्हणजे साधारण 312 किलो. हाच घोडा घोडेवाल्याला विचारला तर तो बिनधास्त "चारशे" सांगतो, आणि जंताचं औषध चारशेच्या हिशेबानं जातं. अंदाज उलटा चुकला तर औषध कमी पडतं आणि जंत त्या औषधाला सरावतात.

या 312 मधून आणखी दोन हिशेब निघतात. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे सव्वासहा किलो. त्यातला मोठा वाटा गवत-कडब्याचा हवा, चंदीचा कमी. दुसरा हिशेब पाठीचा. 2008 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केलेल्या एका अभ्यासात स्वार आणि खोगीर मिळून ओझं घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असताना घोडे आरामात होते. पंचवीस-तीस टक्क्यांना त्यांच्या हृदयावर आणि स्नायूंवर ताण दिसू लागला. आपल्या घोड्याचे वीस टक्के म्हणजे 62 किलो. ऐंशी किलोचा पर्यटक आणि आठ किलोचं खोगीर मिळून 88, म्हणजे अठ्ठावीस टक्के. जातीप्रमाणे आणि सवयीप्रमाणे थोडं कमीजास्त होईल, पण दस्तुरी नाक्यावर घोडा भाड्यानं घेताना हा गुणाकार पर्यटकांनीही करावा, असं माझं मत आहे.

८. तोंड

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर, आणि चावून चावून तितकेच झिजतात. झीज सारखी झाली नाही की दाढांच्या कडांना टोकं येतात. ती गालात आणि जिभेत रुततात. मग घोडा अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून टाकतो, लगाम लागला की मान झटकतो. मालक म्हणतो घोडा हट्टी झाला. डॉक्टर लांब कानस घेऊन टोकं घासतात. वर्षातून एकदा तोंड दाखवावं, एवढं पुरे.

९. डोळ्यांना न दिसणारे शत्रू

1880 साली ब्रिटिश लष्करातले पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान इथल्या आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. या रोगाला आपल्याकडे सर्रा म्हणतात. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. घोडा खातो, तरी वाळत जातो. पोटाखाली आणि पायांवर सूज येते, मागचा भाग चालताना डुलतो. ताप येतो आणि जातो. मधल्या चांगल्या दिवशी डॉक्टर आले तर थर्मामीटर काहीच सांगत नाही. मालकाच्या वहीत पंधरा दिवसांचे आकडे असतील तर चढउतार डोळ्यांसमोर दिसतो आणि रक्त कोणत्या दिवशी घ्यायचं हेही ठरवता येतं.

दुसरा शत्रू धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात आणि पाळीव जनावरांत घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. नालेचा खिळा थोडा आत गेला, एवढं निमित्त पुरतं. लस आहे आणि ती ठरल्या वेळी द्यावी. गंमत अशी, की इतरांचं विष उतरवण्याच्या कामात घोडाच सगळ्यांत उपयोगी ठरला. साप चावल्यावर माणसाला देतात ते प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होतं आणि पुण्याजवळ पिंपरीला हाफकिन संस्थेनं त्यासाठी घोडे सांभाळले आहेत.

तिसरा ग्लँडर्स, आणि त्याच्या बाबतीत शिकाऊ माणसानं एक पाऊल मागेच राहायचं. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकात व्रण, पायांवर फुटणाऱ्या गाठी अशी त्याची चिन्हं. तो माणसाला होतो आणि जिवावर बेततो. लस नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानुसार संशय आला तरी संबंधित अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रक्तावरून पक्कं निदान करण्यासाठी हरियाणातल्या हिसार इथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. रोग ठरला तर घोडा वाचवत नाहीत, दयामरण देतात. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारासारख्या ठिकाणी, जिथे दत्तजयंतीला दूरदूरचे घोडे एकत्र बांधले जातात, तिथे जाताना रक्ततपासणीचा दाखला जवळ हवा. दुसऱ्याच्या बादलीत आपल्या घोड्याला पाणी पाजू नये, हेही तिथलंच शहाणपण.

१०. आपला हात कुठे थांबतो

काही आठवडे मागे फिरलं की एक मोह होतो. इंजेक्शन तर इतकं सोपं दिसतं! भारतीय पशुवैद्यक परिषदेचा 1984 चा कायदा इथे स्पष्ट आहे. उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना काही किरकोळ कामं करता येतात, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून हे शिक्षण देत आहे आणि आजही पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षं लागतात. मानेत सुई टोचायला दोन सेकंद लागतात हे खरं. पण मानेत वर जाड दोर आहे, खाली मणके आहेत, मध्ये शिरेला लागून धमनी आहे, आणि चुकून धमनीत गेलेलं औषध घोड्याला तिथल्या तिथे पाडू शकतं.

आपल्या हाताची कामं तरीही कमी नाहीत. रोजचा खरारा करताना हातानं अंग चाचपणं, खोगिराखाली केस झिजलेत का बघणं, जखम स्वच्छ पाण्यानं धुणं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, एवढं पुरतं. हळद, चुना, गाडीचं जळकं तेल जखमेवर थापू नये. डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं आणि मगच खाली काय आहे ते दिसतं.

अशी सोबत मिळवायची कशी? आधी फोन करून विचारावं. घोड्याच्या मालकाचीही परवानगी घ्यावी, कारण घोडा त्याचा आहे. पाय झाकणारे जाड बूट घालावेत, अत्तर लावू नये, मोबाईल खिशात ठेवावा. एका पागेतून दुसऱ्या पागेत जाताना हात आणि बूट धुवावेत. बादली भरणं, दोरी धरणं, नळी धुणं अशी कामं न सांगता करावीत. प्रश्न परतीच्या वाटेवर विचारावेत, घोडा तपासताना नाही.

आणि शिक्षण उपयोगी पडलं की नाही ते पहिल्या खऱ्या फोनवर कळतं. न शिकलेला माणूस म्हणतो, "मॅडम, घोडा कसंतरी करतोय, लवकर या." शिकलेला म्हणतो, "मॅडम, आठ वर्षांची घोडी, वजन तीनशेच्या आसपास. सकाळी सातला चंदी सोडली. आत्ता नाडी 52, रोज 36 असते. ताप 100. हिरडी गुलाबी, पण थोडी कोरडी. डाव्या कुशीत आवाज आहे, उजवीकडे ऐकू येत नाही. लीद काल रात्री नऊनंतर नाही. दोनदा बसून उठली, लोळलेली नाही. चारा काढून घेतलाय, काही पाजलेलं नाही." पलीकडून क्षणभर कागदावर पेन चालल्याचा आवाज येतो आणि मग प्रश्न : "पाणी किती प्यायली? बादली मोजलीस का?"